बॅकअप होता, तरी पत्रिका उघडेना : नाशिकमधल्या एका डीटीपी दुकानाचं प्रकरण

भांडी बाजारालगतच्या एका बोळात, तळमजल्यावर, हे छपाईचं दुकान आहे. पुढे डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर आणि पानं मांडायचं टेबल, मागे एकरंगी ऑफसेट मशीन आणि कटिंग मशीन. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि थंडी पडू लागली की द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं, असं वर्षभराचं काम. मालकांना सगळी गल्ली काका म्हणते. ते मशीन सांभाळतात. कंपोझिंग आणि डिझाइन एका ताईंच्या हातात आहे, गेली बरीच वर्षं. संगणक दोनच: ताईंचा डिझाइनचा आणि हिशेबाचा एक लॅपटॉप.

नोव्हेंबर २०२५. तुळशीचं लग्न उरकलं होतं आणि पत्रिकांची गर्दी सुरू झाली होती. अशातच एका सकाळी ताईंचा संगणक सुरू होईना. विंडोज स्वतःच दुरुस्तीची तयारी करत असल्याचं सांगायचं, थोड्या वेळानं बंद पडायचं आणि पुन्हा तिथंच यायचं. ओळखीच्या एकानं सल्ला दिला होता की फॉरमॅट मारा, विंडोज टाका, दुपारपर्यंत काम सुरू होईल. दुरुस्तीसाठी मला बोलावलं तेव्हा काकांचंही तेच म्हणणं पडलं. "बॅकअप रोज होतो रे. पोरानं लावून दिलंय सगळं. तू फक्त विंडोज टाक."

काका खरं बोलत होते. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्यानं एक बाहेरची हार्ड डिस्क जोडून दिली होती आणि रोज संध्याकाळी सातला संगणकातल्या डी ड्राइव्हची, म्हणजे डिस्कच्या कामाच्या फाइली ठेवलेल्या भागाची, नक्कल त्या डिस्कवर जाईल अशी व्यवस्था केली होती. अनेक दुकानांत एवढंही नसतं. तरीही त्या दुपारी फॉरमॅट मारला असता, म्हणजे डिस्क पुसली असती, तर लग्नसराई हातातून गेली असती. का, ते इथे सविस्तर लिहितो. नाशिकमध्ये अशी दुकानं पुष्कळ आहेत आणि पुढे २०२७ च्या सिंहस्थाची कामंही यायची आहेत.

आधी डिस्क, मग विंडोज

विंडोज सुरू न होण्याला कारणं अनेक असतात. अर्धवट राहिलेलं अपडेट, बिघडलेली बूट फाइल, खराब रॅम, मरायला टेकलेली डिस्क. पहिल्या दोन्हींवर विंडोज पुन्हा टाकणं हा उपाय आहे. डिस्कच मरत असेल तर तोच उपाय घातक ठरतो, कारण नवं विंडोज त्याच डिस्कवर लिहिलं जातं आणि ज्या जागेवरून अजून काही वाचता आलं असतं तीच जागा पुसली जाते.

ताईंना विचारलं, "आधी काही जाणवत होतं का?"

"गणपतीपासूनच हळू झाला होता, दादा. एखादी फाइल उघडली की नुसता गोल फिरत राहायचा. मी म्हटलं, जुना झालाय."

हे ऐकलं आणि डिस्क बाहेर काढली. आवाज तपासला: टक-टक येत नव्हती. ती येत असती तर डिस्कला पुन्हा वीजही न देता डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवली असती, कारण आतलं डोकं तबकडीला घासत असण्याची शक्यता असते. आवाज नव्हता म्हणून दुसऱ्या संगणकाला जोडून डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचली. प्रत्येक हार्ड डिस्क अशी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात एक आकडा वाचता न आलेल्या आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा असतो. निरोगी डिस्कमध्ये तो शून्य असतो. इथे तीन अंकी होता.

मग काकांना सांगितलं की आज विंडोज टाकायचं नाही.

त्यांना ते पटायला वेळ लागला, आणि लागणारच. दारात सिन्नरकडची मंडळी पत्रिकेसाठी उभी होती. पण एक प्रश्न त्यांनाही महत्त्वाचा वाटला: बॅकअपमध्ये काय आहे हे माहीत आहे, पण काय नाही ते कुणाला माहीत आहे का? मुलानं व्यवस्था लावली तेव्हा दुकानाचं काम डी ड्राइव्हवर होतं. त्यानंतर ताईंनी कुठे काय ठेवलं, कोणता फॉन्ट टाकला, याची नोंद कुणाकडेच नव्हती. अशा वेळी जुनी डिस्क हाच एकमेव पूर्ण दस्तऐवज असतो. तिची जशीच्या तशी प्रत हातात आल्याशिवाय तिच्यावर एक अक्षरही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क ही आज्ञाही म्हणूनच चालवली नाही. ती फाइलींची रचना जुळवण्यासाठी डिस्कवर लिहिते, आणि खराब सेक्टर शोधायला लावली तर तीच ती दुखरी जागा पुन्हा पुन्हा वाचते. निरोगी डिस्कसाठी ती उपयोगी आहे. मरणाऱ्या डिस्कवर तिनं उरलंसुरलंही जाऊ शकतं.

त्याऐवजी विंडोज बाजूला ठेवून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरला. तो मोफत मिळतो आणि त्याची रीत समंजस आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो, आणि सगळं झाल्यावर त्या जागांकडे परत येऊन थोडं थोडं खरवडून पाहतो. कुठलं वाचलं, कुठलं नाही, याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. १ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या गतीनं वाचली तर पावणेतीन-तीन तास लागतात. ही डिस्क रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीची दुपार होईपर्यंत चालली. सगळी प्रत २ टीबीच्या नव्या डिस्कवर एका मोठ्या फाइलच्या रूपात घेतली आणि नंतर ती फक्त वाचण्यापुरतीच उघडली.

या काळात सिन्नरकरांचं काम थांबलं नाही, आणि ते कसं झालं हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्यांनी मंजूर केलेलं प्रूफ ताईंनी काकांच्या फोनवर व्हॉट्सॲपनं पीडीएफ म्हणून पाठवलेलं होतं. फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, डॉक्युमेंट मात्र जसंच्या तसं जातं. त्या पीडीएफमध्ये फॉन्टही आतच बांधलेला होता. तीच फाइल लॅपटॉपवर घेऊन छपाईची प्लेट करायला पाठवली आणि संध्याकाळी मशीन चाललं.

बॅकअपच्या डिस्कवर काय निघालं

प्रत होत असताना बाहेरची बॅकअप डिस्क लॅपटॉपला जोडून पाहिली. वरवर सगळं ठीक दिसत होतं. फोल्डर होते, फाइली होत्या, उघडत होत्या. तारखांनुसार लावून पाहिल्यावर मात्र काहीतरी विचित्र दिसलं. इंग्रजी अक्षरक्रमात आधी येणारे फोल्डर, म्हणजे अहवाल, बिलबुकं, कॅलेंडर, अगदी बिघाडाच्या आदल्या दिवसापर्यंत ताजे होते. लग्नपत्रिकांच्या फोल्डरमध्ये अर्ध्यापर्यंत ताज्या फाइली होत्या, पुढच्या जुन्या. आणि त्यानंतर येणारं सगळं, पेट्यांची लेबलं, व्हिजिटिंग कार्डं, गणपतीच्या सुमाराला जिथे होतं तिथेच थांबलेलं.

नक्कल करण्यासाठी विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा लावलेली होती. ती चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण एखादी फाइल वाचता आली नाही तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा हे तिला आपण सांगितलं नाही, तर ती दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. हे तिचं मूळचंच माप आहे. गुणाकार केला तर एका फाइलपाशी साधारण ३४७ दिवस, म्हणजे साडेअकरा महिने. लग्नपत्रिकांच्या फोल्डरमधली एक फाइल खराब सेक्टरवर बसलेली होती. रोज संध्याकाळी सातला नक्कल सुरू व्हायची, त्या फाइलपाशी येऊन अडायची, आणि आठला ताई संगणक बंद करून घरी जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तेच.

ताईंना ती काळी खिडकी आठवत होती. "रोज दिसायची, दादा. मला वाटायचं बॅकअप चाललाय."

खरंच चालला होता. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. संदेश, पत्र, फोन, काहीच येण्याची सोय नव्हती. यात त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्यानं लावून दिलं त्या दिवशी ते नीट चालत होतं. बॅकअप बंद पडल्याचं सांगणारी माणसं आणि सोयी मात्र कुठेच नव्हत्या, आणि माझ्या अनुभवात लहान दुकानांत हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सापडते.

दुसरी गोष्ट त्याच आज्ञेत होती. ती आरसा धरणारी नक्कल होती: डी ड्राइव्हवर फाइल काढून टाकली की बॅकअपवरूनही ती निघून जायची. जागा वाचते, पण चुकून पुसलेलं पत्रिकेचं डिझाइन दुसऱ्याच संध्याकाळी दोन्हीकडून नाहीसं होतं.

बॅकअप आणि जुन्या डिस्कची प्रत, या दोन्हींची बेरीज मात्र उत्तम झाली. डीडीरेस्क्यूच्या नकाशावरून न वाचलेल्या जागा कोणत्या फाइलींच्या आहेत ते काढलं. बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या फाइली होत्या, म्हणूनच विंडोज उठत नव्हतं. दुकानाच्या मोजक्याच फाइली त्यात सापडल्या. त्यांतल्या जुन्या फाइलींच्या बॅकअपमधल्या प्रती नीट उघडल्या, कारण त्या डिस्क बिघडायच्या आधी घेतलेल्या होत्या. आणि बॅकअपमध्ये न पोचलेली सगळी ताजी लेबलं आणि कार्डं जुन्या डिस्कच्या प्रतीतून निघाली. एक पत्रिका मात्र दोन्हीकडून गेली. ती ताईंनी छापलेल्या नमुन्यावरून पुन्हा कंपोझ केली.

विंडोज टाकणं

हा भाग सगळ्यांना मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो सगळ्यात छोटा होता.

प्रश्न एकच होता, कोणतं टाकायचं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. हा संगणक चौथ्या पिढीचा होता. अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण दुकानाच्या कमाईच्या यंत्रावर मी त्या वापरत नाही. नवं यंत्र त्याच आठवड्यात घ्यावं, असंही काकांच्या मनात आलं. मी नको म्हणालो. हंगाम ऐन भरात असताना यंत्र नवं, विंडोज नवं, डोंगलचा, म्हणजे मराठी सॉफ्टवेअरच्या यूएसबी कुलपाचा, ड्रायव्हर नवा, सगळं एकदम बदललं तर अडचण नेमकी कशातून आली ते कळत नाही.

म्हणून ठरलं असं: नव्या ५०० जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, विंडोज १० चीच शेवटची आवृत्ती, २२एच२, टाकायची. एकदा इंटरनेटला जोडून परवाना आणि अपडेट होऊ द्यायचे, आणि मग डिझाइनचा संगणक इंटरनेटपासून तोडायचा. ईमेल, व्हॉट्सॲप, ग्राहकांच्या फाइली यासाठी लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ११ आहे. लग्नसराई उतरल्यावर नवं यंत्र. ज्यांना विंडोज १० चं यंत्र इंटरनेटवर ठेवावंच लागतं त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेट ठेवले आहेत. काकांना त्यावर खर्च करायची गरज नव्हती.

टाकताना पाळलेल्या गोष्टी थोड्या. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर तयार केला. विंडोज टाकताना संगणकाला फक्त नवी एसएसडी जोडलेली ठेवली, बाकी सगळ्या डिस्कच्या केबली काढल्या. यानं दोन फायदे होतात. चुकून भलताच भाग पुसला जात नाही, आणि विंडोज आपली बूट फाइल दुसऱ्याच डिस्कवर नेऊन ठेवत नाही. तसं झालं तर ती डिस्क पुढे काढली की संगणक पुन्हा अडतो. परवान्याचा नंबर विचारला तेव्हा तो टप्पा सोडून दिला: परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलली तरी इंटरनेट मिळताच तो आपोआप लागू झाला.

अर्ध्या-पाऊण तासात विंडोज उभं राहिलं. काकांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "झालं की!"

गजाननाच्या जागी इंग्रजी अक्षरं

डी ड्राइव्हच्या फाइली परत आणल्या, डिझाइनचा प्रोग्रॅम टाकला आणि ताईंनी एक पत्रिका उघडली. वर जिथे ॥ श्री गजानन प्रसन्न ॥ असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि कंसांची ओळ. खाली वधूवरांच्या नावांचंही तेच. प्रोग्रॅमनं विचारलं होतं की हा फॉन्ट सापडत नाही, दुसरा वापरू का, आणि ताईंचा हात सवयीनं होय कडे जात होता.

तिथेच थांबवलं. "ताई, काहीही सेव्ह करू नका. उघडलेलं तसंच बंद करा."

कारण असं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, यायच्या आधीच्या मराठी फॉन्टांमध्ये अक्षराला स्वतःचा असा क्रमांक नव्हता. इंग्रजी फॉन्टच्या २५६ घरांमध्ये आपली अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, रफार कापून बसवलेले असत. कुठल्या घरात काय बसवायचं हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. श्री-लिपी या मराठी सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमची वेगळी. त्यामुळे फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी नसतंच, असतात ते घरांचे क्रमांक. तोच फॉन्ट असेल तरच त्यांची पत्रिका होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र जागा आहे. तिथे फॉन्ट बदलला तर वळण बदलतं, मजकूर तोच राहतो. पण जुन्या डिझाइन प्रोग्रॅममध्ये युनिकोडची जोडाक्षरं नीट बसत नसत, म्हणून महाराष्ट्रातली कितीतरी छपाईची दुकानं आजही जुन्याच फॉन्टांवर चालतात. फॉन्ट नसताना उघडलेली फाइल दुसरा फॉन्ट स्वीकारून सेव्ह केली, तर मूळ फॉन्टचं नावही फाइलमधून जाऊ शकतं. मग कोणत्या कंपनीची मांडणी होती हेच शोधत बसावं लागतं.

फॉन्ट डी ड्राइव्हवर नव्हते, म्हणजे बॅकअपमध्ये नव्हते. ते सी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज असतं त्या भागात असतात, आणि तिथेही दोन ठिकाणी. एक सगळ्यांना माहीत असलेलं, विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स. दुसरं लपलेलं: विंडोज १० च्या २०१८ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून साध्या पद्धतीनं टाकलेला फॉन्ट त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि यूजर्समधल्या त्याच्या फोल्डरात, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा वाटेनं जाऊन पडतो. ॲपडेटा एरवी दिसतही नाही. ताईंनी अलीकडच्या काळात टाकलेले शीर्षकांचे सगळे फॉन्ट तिथे सापडले.

इंटरनेटवरून त्याच नावाचे फॉन्ट उतरवून घेणं सोपं होतं, पण ते मुद्दाम टाळलं. एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. अक्षराची रुंदी केसाएवढी बदलली तरी ओळ फुटते, आणि "चि. सौ. कां." एका ओळीत आणि नाव दुसऱ्या ओळीत गेलेली पत्रिका कुणी घेत नाही. जुन्या डिस्कच्या प्रतीतून घेतलेले फॉन्ट तेच होते ज्यांच्यावर मूळ काम झालं होतं. जुन्या डिस्कची पूर्ण प्रत घेण्याचा आग्रह का धरला होता, हे काकांना या टप्प्यावर पूर्ण पटलं.

फॉन्ट बसले, गजानन प्रसन्न झाले. ताई टाइप करायला बसल्या आणि दोन शब्दांतच हात उचलला.

"दादा, हात चालत नाहीये."

त्यांनी शासनाची टंकलेखनाची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली आहे. बोटांना टाइपरायटरची मांडणी माहीत. नव्यानं टाकलेल्या मराठी सॉफ्टवेअरनं स्वतःची वेगळी मांडणी निवडली होती. शिवाय काही चिन्हांसाठी त्यांनी स्वतः कळा ठरवून घेतल्या होत्या. त्या ठरावांची फाइल सी ड्राइव्हवर, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये होती. तीही प्रतीतूनच आली.

याखेरीज सी ड्राइव्हवर निघालं ते असं: डेस्कटॉपवरचा "चालू कामं" नावाचा फोल्डर, म्हणजे दुकानातला सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर, डाउनलोड्समध्ये पडलेले ग्राहकांचे फोटो, रंगांचे ठरवून ठेवलेले संच, प्रिंटरच्या कागदाच्या मापांच्या नोंदी. सगळं माणसाच्या सवयीनं जिथे ठेवलं जातं तिथे होतं.

डोंगलचं वेगळंच. मराठी सॉफ्टवेअरचं ते छोटं यूएसबी कुलूप म्हणजेच परवाना. त्याची प्रत निघत नाही, त्याचा बॅकअप होत नाही. त्याचा ड्रायव्हर जुन्या डिस्कवर मिळाला म्हणून काम भागलं. आता त्याला दोऱ्यानं बिल्ला बांधला आहे आणि खरेदीच्या बिलाचा फोटो काकांच्या आणि मुलाच्या फोनमध्ये आहे.

काम परत आलं हे कोण ठरवणार

सगळं बसल्यावर तपासणी ताईंनी आणि काकांनी केली, मी फक्त बाजूला बसलो. प्रत्येक प्रकारचं एकेक जुनं काम काढलं: पत्रिका, बिलबुक, द्राक्षाचं लेबल, अहवालाचं पान. ते बटर पेपरवर छापलं आणि काकांच्या फाइलमधल्या जुन्या छापील नमुन्यावर ठेवून उजेडासमोर धरलं. ओळ ओळीवर, मात्रा मात्रेवर बसली तर पास. अहवालाच्या एका पानावर तक्त्याचे आकडे सरकले. शोधल्यावर आकड्यांचा वेगळा फॉन्ट राहून गेलेला निघाला. संगणकावर नुसतं पाहून हे दिसलं नसतं. पतसंस्थेच्या ताळेबंदात सरकलेला आकडा किती महागात पडतो ते छपाईवाल्यांना सांगायला नको.

मग ताईंनी एक नवी पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत केली, पीडीएफ काढली, प्लेट झाली, काकांनी मशीनवर घेतली. त्यानंतरच जुनी डिस्क खोक्यात घातली. ती अजून पुसलेली नाही, हंगाम संपेपर्यंत पुसायचीही नाही.

पुढची व्यवस्था

तपासणी पास झाल्यावर लगेच पूर्ण एसएसडीची एक प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत घेतली: विंडोज, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर, ताईंच्या कळा, सगळं एकत्र. पुन्हा असा प्रसंग आला तर हे सगळं वेगवेगळं शोधावं लागणार नाही. नवा फॉन्ट किंवा नवा प्रिंटर आला की प्रतिमा पुन्हा घ्यायची.

रोजची नक्कल रोबोकॉपीनंच होते, पण आता दोनदा प्रयत्न, पाच सेकंद थांबणं आणि पुढे जाणं असं सांगून. काय राहिलं त्याची नोंद एका फाइलमध्ये पडते आणि सकाळी संगणक सुरू झाला की तीच आधी समोर उघडते. ताई ती वाचतात आणि वहीत तारीख टाकतात. आरसा बंद केला. बदललेल्या आणि काढलेल्या फाइली तारखेच्या फोल्डरात जपल्या जातात. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि फॉन्टांची दोन्ही ठिकाणं यादीत आली. छापून गेलेल्या प्रत्येक कामाची फॉन्ट बांधलेली पीडीएफ वेगळ्या फोल्डरात जाते, आणि तेवढा एक फोल्डर लॅपटॉपमार्फत इंटरनेटवरही चढतो.

बॅकअपची जागा हा मुद्दा काकांनीच काढला. आधीची डिस्क संगणकाखालच्या खणात, जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर आलं हे नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, आणि भांडी बाजार, सराफ बाजारातल्या दुकानदारांना २००८, २०१६ आणि २०१९ ची पाणी शिरलेली दुकानं विसरता येत नाहीत. काका म्हणाले, "पूर आला की आम्ही कागदाची रिमं आधी माळ्यावर टाकतो. त्या डिस्ककडे कुणाचं लक्ष जाणार?" म्हणून आता डिस्क दोन आहेत. एक दुकानात जोडलेली, दुसरी काकांच्या घरी इंदिरानगरला. शनिवारी अदलाबदल. घरची डिस्क कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस दुकानात शिरला तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही.

राहिलेलं काम

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये केलेले काही संस्थांचे जुने अहवाल अजून तसेच आहेत. पेजमेकर ७ ही २००१ ची आवृत्ती, आणि नव्या यंत्रावर तिच्यावर भरवसा ठेवून चालणार नाही. ज्या संस्था अजूनही ग्राहक आहेत तेवढ्यांचे अहवाल उन्हाळ्यात पीडीएफ करायचे आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा असं ठरलं आहे. बदलल्यावर प्रत्येक पान वाचावं लागेल, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. ते काम ताईंचंच आहे आणि त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला द्यायचं काकांनी मान्य केलं आहे.

विंडोज ११ चं नवं यंत्र मे महिन्यात येईल. त्यात मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होण्याची शक्यता असते, आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली खात्यातच जाऊन बसते. खातं कुणाच्या नावानं उघडलं हे दुकानात कुणाला आठवलं नाही, तर पुढच्या बिघाडाला डिस्क धडधाकट असूनही आतलं काही मिळणार नाही. म्हणून खातं दुकानाच्या ईमेलवर उघडायचं, किल्ली छापून काढायची, एक प्रत काकांच्या घरच्या कपाटात आणि एक मुलाकडे पुण्याला. हे यंत्र दुकानात येईल त्याच दिवशी करायचं, ताईंची पहिली फाइल त्यावर जाण्याआधी.